आईचं व्हाउचर टेक्सासला चालेल का?

प्रश्न: ताई, आई न्यू जर्सीत सेक्शन 8 च्या (कमी उत्पन्न असणाऱ्यांना भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी) मदतीवर भाड्याने राहतीये, आता तिला जिना चढवत नाही म्हणून माझ्याजवळ डॅलसला आणायचीये, तर मदत बंद होईल का?

उत्तर: आधी कागद नीट बघा. हाउसिंग चॉइस व्हाउचर असेल तर ते माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जातं. पण मदत बिल्डिंगला जोडलेली असेल तर घर सोडलं की संपली (त्यातही प्रोजेक्ट-बेस्ड व्हाउचर असेल तर वर्षभर राहिल्यावर माणसाबरोबर जाणारं व्हाउचर मागता येतं, बरेच जण विचारतच नाहीत). आईंनी आत्ताच्या हाउसिंग अथॉरिटीला (ही मदत देणाऱ्या स्थानिक सरकारी ऑफिसला) पोर्टेबिलिटी, म्हणजे व्हाउचर दुसरीकडे न्यायची सोय, हवीय असं लेखी द्यायचं, मग ते फाइल डॅलसच्या ऑफिसला पाठवतात, घर शोधायला निदान 60 दिवस मिळतात, पण भाड्याची मर्यादा मात्र डॅलसकडची लागते. आणि खरा त्रास पुढेच आहे, न्यू जर्सीत व्हाउचर आहे म्हणून घरमालकाला नाही म्हणता येत नाही, टेक्सासमध्ये सर्रास म्हणतात आणि कायदा आडवा येत नाही. म्हणून तळमजल्याचं घर देणारा, व्हाउचर घेणारा मालक आत्तापासून फोन करून शोधा, आणि डॅलसचं नक्की होईपर्यंत आईंना न्यू जर्सीतलं घर सोडायची नोटीस अजिबात देऊ देऊ नका.