जर्मनीत एजंट नेमताना मोठी लॉ फर्म लागतेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरज एमआयडीसीत व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवता, जर्मनीत पाच टक्के कमिशनवर एजंट नेमायचाय. त्याच्या मसुद्यात जर्मन कायदा आणि स्टुटगार्टचं कोर्ट आहे. आंतरराष्ट्रीय लॉ फर्मचं तासाचं बिल परवडत नाही, तर नेहमीच्या वकीलसाहेबांकडून भागेल का?

एकट्या त्यांच्याकडून नाही भागणार. पण अख्खा करार मोठ्या फर्मकडे द्यायचीही गरज नाही.

माझी शिरोलीत फाउंड्री आहे. आमच्या जर्मन एजंटला चार वर्षांनी, रीतसर तीन महिन्यांची नोटीस देऊन मोकळं केलं. महिन्याभरात त्याच्या वकिलाचं पत्र आलं: आणलेल्या गिऱ्हाइकांची भरपाई द्या. करार पुन्हा पुन्हा वाचला, त्यात तसं अक्षरही नव्हतं. ते जर्मन व्यापारी संहितेच्या कलम ८९ब मध्ये होतं. एजंट गेला तरी त्याने जोडलेली गिऱ्हाइकं तुमचा माल घेत राहणार असतील, तर तो भरपाई मागू शकतो. कमाल मर्यादा वर्षाच्या सरासरी कमिशनएवढी. हा हक्क आधीच लिहून सोडूनही देता येत नाही. आम्ही जवळपास सगळी रक्कम भरली. ते वर्ष फार जड गेलं.

'मग भारतीय कायदा घालू' असं इथे कुणीतरी सुचवलंय. युरोपीय संघात काम करणाऱ्या एजंटाबाबत तो उपाय चालत नाही. इंगमार खटल्यात करार कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली होता, एजंट तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये; तरी युरोपीय न्यायालयाने २००० साली एजंटाचं संरक्षण कायम ठेवलं. एजंटऐवजी 'डिस्ट्रिब्युटर' म्हटल्यानेही आपोआप सुटका नाही. तो तुमच्या विक्रीयंत्रणेत बांधलेला असेल आणि गिऱ्हाइकांची माहिती तुम्हाला देणं त्याच्यावर बंधनकारक असेल, तर जर्मन कोर्टं तेच कलम त्यालाही लावतात. म्हणून समाप्तीची आणि गिऱ्हाइकांच्या माहितीची कलमं जर्मन वकिलाने वाचायलाच हवीत. काम दोन-तीन तासांचं आहे. ठरावीक फी लेखी मागा, आणि मसुदा प्रत्यक्ष कोण वाचणार तेही विचारा.

कोर्टाचं कलमही बघा. ब्रिटन, सिंगापूर, यूएई इथल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली आपल्याकडे थेट अंमलात येतात. जर्मनीचे येत नाहीत, इथे नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा मात्र १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे दोन्हीकडे चालतो. पण रक्कम लहान असेल तर लवादाचा खर्चच डोईजड होतो, तो आधी काढा.

तुमच्या वकीलसाहेबांना सोडू नका. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, त्यांनीच बघायचाय, आणि बाहेर सही झालेला करार महाराष्ट्रात आला की तीन महिन्यांत मुद्रांक लागतो, तेही.

सही करण्याआधी समाप्तीचं कलम इथे टाका, एजंटचं नाव झाकून. आज रात्रीच वाचतो.