श्टुटगार्टला निघालायस, तर ब्रोकरचं असं आहे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी येतोयस, महिन्याला पाच-सहाशे युरो शिल्लक पडतील, ते जगभरच्या बाजारांत घालायचेत, तर सगळ्यात कमी दलालीचा ऑनलाइन ब्रोकर कुठला? आणि भारतातल्या एसआयपीचं आणि अ‍ॅपवरून घेतलेल्या अमेरिकन शेअर्सचं काय करू? ताई म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरेवरच येते. नऊ वर्षं इथे आहे आणि हे सगळं एकदा चुकून शिकले आहे.

आधी दलाली डोक्यातून काढ. इथल्या दोन ब्रोकर अ‍ॅपांपैकी ट्रेड रिपब्लिक एका सौद्याला १ युरो घेतं, स्केलेबल कॅपिटल ९९ सेंट. आपल्या एसआयपीला इथे श्पारप्लान म्हणतात, तो दोन्हीकडे फुकट. महिन्यातून एकदा असा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) घेणाऱ्या माणसाला दलाली पडतच नाही. खरा खर्च दुसरीकडे असतो.

मी पहिल्या वर्षी तक्ते मांडून सगळ्यात स्वस्त ब्रोकर शोधला होता. तो होता जर्मनीबाहेरचा, म्हणजे जर्मन कर कापून न घेणारा. वर्षभर मजा वाटली. मग विवरणपत्र भरायची वेळ आली. लाभांशाच्या छोट्या छोट्या नोंदी, कुठे ४ डॉलर, कुठे ११, आणि प्रत्येकीला त्या दिवसाच्या दराने युरोत आणायचं. दोन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक्सेल उघडून बसले आणि शेवटी कर सल्लागाराकडे गेले. दलालीत वाचवले होते तीसेक युरो, त्याला दिले २८०. नवऱ्याने अजून तो विषय सोडलेला नाही.

म्हणून पहिला निकष असा, की ब्रोकरने जर्मन कर आपणहून कापला पाहिजे. भांडवली उत्पन्नावर २५ टक्के आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार, मिळून २६.३७५ टक्के. वर्षाला पहिले १,००० युरो करमुक्त, नवरा-बायकोचे एकत्र २,०००. पण ही सूट आपोआप लागत नाही. अ‍ॅपमध्ये जाऊन 'फ्रायश्टेलुंग्सआउफट्राग' नावाचा अर्ज भरावा लागतो. नाव लांबलचक, काम दोन मिनिटांचं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर रक्कम वाटून द्यायची, बेरीज १,००० च्या वर जाऊ द्यायची नाही. शेअर्सच्या ईटीएफवर नफ्याचा ३० टक्के भाग तसाही करातून वगळला जातो, म्हणजे एका वर्षात साधारण १,४२८ युरोंचा नफा काढलास तरी कर शून्य. आणखी एक: लाभांश न वाटता तो आतच गुंतवणाऱ्या फंडांवरही जानेवारीत 'फोराबपाउशाले' म्हणून थोडा आगाऊ कर लागतो. तो खात्यातल्या रोख रकमेतून जातो. खातं अगदी कोरडं ठेवू नकोस.

दुसरी गोष्ट फंडाची. अमेरिकेतले ते प्रसिद्ध ईटीएफ, व्हीटीआय आणि व्हीओओ, इथे शोधशील आणि 'खरेदी' बटण चालणार नाही. २०१८ पासून युरोपीय नियमांप्रमाणे ठरावीक माहितीपत्रक नसलेला फंड सामान्य गुंतवणूकदाराला विकता येत नाही, आणि अमेरिकन कंपन्या ते काढत नाहीत. हळहळू नकोस. आयर्लंडमध्ये नोंदलेले युसिट्स, म्हणजे युरोपीय नियमांत बसणारे, फंड घे, त्यांचा आयसिन हा ओळख क्रमांक 'आयई' अक्षरांनी सुरू होतो. अमेरिकन लाभांशावर त्यांना १५ टक्केच कर लागतो. शिवाय अमेरिकन शेअर किंवा अमेरिकन ईटीएफ थेट नावावर असताना माणूस गेला, तर परकीयांना ६०,००० डॉलरच्या वर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. जर्मनीचा याबाबत अमेरिकेशी करार आहे, भारताचा नाही. आयरिश फंडाला ही भानगडच नाही. तुझ्या वयात हे वाचायला अभद्र वाटेल, पण उद्या भारतात परतलास तर आठवेल.

सौदा कधी करतोस त्यालाही किंमत असते. ही अ‍ॅप्स रात्री अकरापर्यंत उघडी असतात. पण फ्रँकफर्टचा मुख्य शेअर बाजार, क्सेट्रा, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच चालतो. तो बंद झाला की खरेदी आणि विक्रीच्या भावातली फट रुंदावते. जेवून सोफ्यावर पडून शेअर घेणारा ती फट मुकाट्याने भरतो, पावतीवर ती दिसतही नाही. साडेतीन ते साडेपाच ही वेळ उत्तम, तेव्हा न्यूयॉर्कही उघडलेलं असतं.

मग इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स हा मोठा अमेरिकन ब्रोकर कधी? चलन बदलायला ते सगळ्यात स्वस्त, किमान २ डॉलर. जगातले बहुतेक बाजार तिथे आहेत, आणि भारतात राहणाऱ्यालाही ते खातं देतात. उलट इथली अ‍ॅप्स युरोपातला पत्ता मागतात. पण जर्मन कर ते कापत नाहीत, म्हणजे पुन्हा माझं ते एक्सेल. माझं मत विचारशील तर पहिली काही वर्षं इथल्याच ब्रोकरकडे श्पारप्लान लाव. भारतात परतायचं पक्कं झालं की शेअर इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सकडे वळव. जर्मन ब्रोकरला या हस्तांतराचं स्वतःचं शुल्क घेता येत नाही. फक्त अपूर्णांकातले शेअर जात नाहीत, ते विकावे लागतात. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावरही ठेवायला फेमा या भारतातल्या परकीय चलन कायद्याची परवानगी आहे. निवासी झालास की भारतीय विवरणपत्रात दाखवायची, बस.

आता निघण्याआधीचं. अ‍ॅपवरचे अमेरिकन शेअर नफ्यात असतील आणि घेऊन २४ महिने झाले असतील, तर भारतातच विक. तिथे १२.५ टक्क्यांत सुटशील. जर्मनी तू आलास त्या दिवसाचा भाव धरत नाही, मूळ खरेदीचा धरतं, त्यामुळे पुण्यात झालेल्या नफ्यावरही इथे कर बसेल. आणि आता घाईघाईने नवे पैसे तिकडून डॉलरमध्ये पाठवू नकोस. वर्षाला १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो परत मिळतो, पण अडकतो. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घे, डीमॅटही त्याप्रमाणे बदल. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतो. एसआयपी चालू ठेवता येते, मात्र भारतीय फंडही जर्मन विवरणपत्रात दाखवावे लागतात, तोच आगाऊ कर तुझा तू मोजून. मी माझी बंद केली. एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातल्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत ते करपात्रच आहे. हे कोणीच सांगत नाही.

खातं उघडायला अकरा आकडी श्टॉयर-आयडी, म्हणजे जर्मन कर क्रमांक, लागतो. पत्ता नोंदवल्यावर काही आठवड्यांत तो टपालाने येतो, ईमेलने नाही. माझं पत्र परत गेलं होतं, कारण टपालपेटीवर फक्त घरमालकाचं नाव होतं. पहिल्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून पेटीवर चिकटव. आणि फॉर्ममध्ये नाव पासपोर्टात आहे तसंच घाल. आपल्याकडे पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. मी ते गाळलं, तर व्हिडिओ कॉलवर ओळख तपासणाऱ्या बाईंनी पासपोर्ट तीनदा दिव्याखाली तिरका धरायला लावून शेवटी अर्ज फेटाळला. आणि भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेव, बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.