वाचकांचे प्रश्न : टर्बो गाडीचे इंजेक्टर बदलावेत केव्हा?

प्रश्न : माझी १.४ लिटरची टर्बो पेट्रोल सेडान आहे. २०१९ मध्ये पुण्यात मोठा टर्बो बसवून ती रिमॅप करून घेतली, म्हणजे ईसीयूतील (इंजिनाच्या संगणकातील) आकडे बदलून घेतले. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १.२ बार असून ताकद २०० अश्वशक्तीच्या आसपास आहे. इंजेक्टर मात्र मूळचेच, ३३० सीसीचे (मिनिटाला तेवढे पेट्रोल फवारणारे) आहेत. पूर्वी काही तक्रार नव्हती. परंतु गेल्या वर्षभरात कुंभार्ली घाट चढताना ५,५०० आरपीएमच्या पुढे गाडी अडखळते आणि इंजिन ठोकते (मिश्रण अवेळी पेटून टकटक आवाज येतो). लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदीत) ६,००० आरपीएमला इंजेक्टर १७.८ मिलिसेकंद उघडा राहिलेला आणि लॅम्डा (मिश्रणातील हवेचे माप; आकडा वाढला की पेट्रोल कमी) ०.८०ऐवजी ०.८८ दिसतो. इथले मेकॅनिक इंजेक्टर साफ करा म्हणतात, तर ट्यूनर थेट १,००० सीसीचे घाला म्हणतात. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण बूस्टच्या आकड्यावर न थांबता मिलिसेकंद कळवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. अमुक बार बूस्ट झाला की इंजेक्टर बदलावेत, असा नियम सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तोच बूस्ट लहान टर्बोवर आणि मोठ्या टर्बोवर वेगवेगळी हवा आत ढकलतो, म्हणून त्या नियमाला फारसा अर्थ नाही. निर्णय ड्यूटी सायकल (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) आणि रेलमधील, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतील, इंधनाचा दाब हे दोन आकडे एकत्र पाहूनच करावा.

६,००० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्या, म्हणजे एक पूर्ण चक्र, २० मिलिसेकंदांत संपते. त्यांपैकी १७.८ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा असेल, तर ड्यूटी सायकल ८९ टक्के झाली. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) पेट्रोल सोडणाऱ्या आपल्यासारख्या गाडीत ८० ते ८५ टक्के ही शहाणपणाची मर्यादा मानतात, कारण इंजेक्टरला उघडायला आणि मिटायलाही वेळ लागतो. ९० टक्क्यांच्या पुढे तो धड मिटत नाही आणि ईसीयूने मागितलेले पेट्रोल व प्रत्यक्ष पडलेले पेट्रोल यांचा मेळ राहत नाही. आपली गाडी या उंबरठ्यावर उभी आहे, आणि तरीही मिश्रण दहा टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, आहे. इतक्या बूस्टवर लीन मिश्रण म्हणजे ठोकणे, आणि ठोकत राहिले की पिस्टन जातो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये आणि बूस्ट उतरवून ठेवावा.

आता “पूर्वी तक्रार नव्हती” या आपल्या वाक्याकडे वळू. आमच्या मते खरी मेख तिथे आहे. आपले रिमॅप झाले तेव्हा पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण कमी होते. आज ते २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० (२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) सुमारे सात टक्के जास्त लागते. जो इंजेक्टर २०१९ मध्ये ८२-८३ टक्क्यांवर निभावून नेत होता, तो आज त्याच बूस्टवर तोंडघशी पडतो. (मिश्रणाचा मीटर १४.७ च्या पट्टीवर न वाचता लॅम्डामध्ये वाचता, हे उत्तम. ई-२० वर जुनी पट्टी फसवते.) त्यातच समुद्रसपाटीजवळची हवा ५६० मीटर उंचीवरील पुण्यापेक्षा दाट असते. पावसाळ्यात बाष्प त्यातला बराच फायदा खाऊन टाकते. पण माघातल्या कोरड्या, गार पहाटे इंजिन सर्वांत जास्त पेट्रोल मागते. ड्यूटी सायकल मोजायची ती अशा वेळी, मे महिन्यातल्या दुपारी नव्हे.

तरीही इंजेक्टर मागवण्याआधी रेलचा दाब पूर्ण भारावर मोजून घ्यावा. मिश्रण लीन आणि ड्यूटी जेमतेम ७० टक्के असती, तर आम्ही डोळे झाकून गाडीच्या इंधनपंपाकडे बोट दाखवले असते; परंतु लॅम्डा सेन्सरच्या आधारे ईसीयू स्वतःच वेळ वाढवत असेल, तर दाब पडला असतानाही ड्यूटी वर गेलेली दिसते. इंजेक्टरमधून पडणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. रेग्युलेटरला (इंधनाचा दाब राखणाऱ्या झडपेला) मॅनिफोल्डची नळी जोडलेली नसेल आणि दाब ३ बारवरच स्थिर असेल, तर १ बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन टोकांत २ बारचाच फरक उरतो आणि पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटते. शिवाय आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पंपाची अर्थिंग गंजते. आमच्याच जुन्या गाडीत पंपाला १३.५ व्होल्टऐवजी जेमतेम ११ व्होल्ट पोहोचत होते, आणि आम्ही तीन आठवडे टर्बोला शिव्या देत होतो. फिल्टरही पाहावा. मेकॅनिकचा सल्लाही चुकीचा नाही. फक्त सफाईनंतर चारही इंजेक्टर बेंचवर मोजून घ्यावेत, कारण एखादाच कमी टाकत असेल तर सरासरी दाखवणारा लॅम्डा तो लपवतो.

दाब ठीक निघाला, तर इंजेक्टर बदलणे आवश्यकच आहे. किती मोठे, याचा हिशेब घरी करता येतो. टर्बो इंजिन पूर्ण भारावर दर अश्वशक्तीला ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल घेते. २०० अश्वशक्तीला ५४ किलो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला साडेतेरा किलो, अर्थात मिनिटाला सुमारे ३०० सीसी. ई-२० धरून ३२५. मूळ ३३० सीसीच्या इंजेक्टरवर हा भार ९८ टक्के होतो, ४४० सीसीवर ७४ टक्के आणि ५५० सीसीवर ५९ टक्के. पुढे बूस्ट वाढवण्याचा मोह नसेल तर ४४० पुरे. मोह असेल तर ५५०. १,००० सीसीचे प्रयोजन आम्हाला दिसत नाही. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) इतका मोठा इंजेक्टर अगदी क्षणभर उघडावा लागतो, आणि त्या क्षणभरात तो मोजून पेट्रोल टाकेलच याची खात्री नसते. सिग्नलला गाडी गुरगुरत उभी राहते आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरते.

नवे इंजेक्टर उच्च रोधाचे, १२ ते १६ ओहमचे आहेत, हे पाहून घ्यावे आणि प्रवाह व वेगवेगळ्या व्होल्टेजवरील उघडण्याचा विलंब यांचा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्यावा. तक्ता नसेल तर खरेदी करू नये. ते आकडे ईसीयूत भरल्याशिवाय ४४० सीसीचे इंजेक्टर जुन्या मॅपवर एक तृतीयांश जास्त पेट्रोल ओततील. अंतिम चाचणी घाटात न करता डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते. विमा कंपनी दाव्याच्या वेळी त्यावर बोट ठेवू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या १.० लिटर डायरेक्ट इंजेक्शन टर्बो गाडीला हाच हिशेब लागू होतो का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. आपल्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये आणि मुख्यतः हवा आत येण्याच्या काळातच सोडावे लागते. ६,००० आरपीएमला तो काळ २० नव्हे, जेमतेम ५ मिलिसेकंदांचा असतो. शिवाय मर्यादा बहुधा आधी कॅमवर चालणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाची येते. लॉगमध्ये रेलचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून पाहावा. प्रत्यक्ष दाब मागे पडत असेल तर मोठे इंजेक्टर घातल्याने तो आणखीच पडेल. केवळ रिमॅप असेल आणि दोन्ही रेषा जुळत असतील, तर इंजेक्टरना हात लावू नये.