वाचक विचारतात : झॉम्बीकथेची बातमी वाचकाला कशी द्यावी?

प्रश्न : मी मराठीत झॉम्बीकथा (मेलेली माणसे उठून जिवंतांवर धावतात अशा भयकथा) लिहितो आणि प्रकाशक मिळत नसल्याने त्या ई-पुस्तकाच्या रूपात स्वतःच काढतो. नवी कथा आली की ओळखीच्या सर्वांना मोबाइलवर मुखपृष्ठ पाठवतो. अभिनंदनाचे निरोप भरपूर येतात, कथा मात्र फारसे कोणी वाचत नाही. बातमी कशी दिली म्हणजे ती वाचली जाईल?
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : आपण पाठवता ती बातमी आपली असते, कथेची नसते. ‘माझी नवी कथा प्रकाशित झाली’ एवढेच कळल्यावर सभ्य माणूस अभिनंदनच करणार, कारण कथेत काय आहे याचा त्याला पत्ताच नसतो. त्याऐवजी कथेतला पेच दोन ओळींत मांडावा. उदाहरणार्थ : ‘मुसळधार पावसात लोंढा जंक्शनवर अडकलेल्या गाडीचा एक डबा आतून बंद आहे आणि तिकीट तपासनीस तो कोणालाही उघडू देत नाही, कारण आत त्याची बायको आहे.’ त्याखाली कथेची शब्दसंख्या, ती पूर्ण आहे की क्रमशः, किंमत आणि मिळण्याचे ठिकाण द्यावे; रक्तपाताची वर्णने कितपत आहेत तेही मोकळेपणाने सांगावे, म्हणजे ज्यांना ती सोसत नाहीत ते दूर राहतील आणि ज्यांना हवी असतात ते थांबतील.

आपला वाचक कोण, याचाही विचार व्हावा. झॉम्बींचे चित्रपट पाहणारी आणि खेळ खेळणारी सीमाभागातली बरीच तरुण मंडळी घरी मराठी बोलतात, पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात, त्यामुळे देवनागरी मजकूर त्यांच्याकडून सावकाश वाचला जातो. अशांसाठी कथेची सुरुवात स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवावी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा येथे ग्रामीण साहित्य संमेलने भरतात, तिथल्या कथाकथनासाठी आयोजकांना विचारायलाही संकोच करू नये. भयकथा श्रोत्यांसमोर सांगितली की ती कुठे सैल पडते हे सांगणाऱ्याला तिथेच कळते.

एक व्यावहारिक सूचना. ई-पुस्तक ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेच्या ‘सिलेक्ट’ योजनेत नोंदवले असेल, तर ९० दिवसांच्या मुदतीत ते डिजिटल रूपात अन्यत्र देता येत नाही. नमुना म्हणून साधारण दहा टक्के मजकूर तेवढा देता येतो. म्हणजे मित्रांच्या समूहात सगळी कथा टाकणे नियमबाह्य ठरेल. दिवाळी अंकांना बहुधा अप्रकाशित कथाच हवी असते, तेव्हा जी कथा तिकडे पाठवायची ती आधी स्वतः प्रकाशित करू नये.

प्रश्न : झॉम्बी ही कल्पना परकी आहे. तिच्यावर कोणाचा हक्क असतो का? आणि तिच्याऐवजी आपला वेताळ घेतला तर चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : हक्काची काळजी नसावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण लिहिलेल्या कलाकृतीला मिळते, नुसत्या कल्पनेला मिळत नाही. मूळ कल्पना हैतीची आहे. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत राबवल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या त्या देशात झॉम्बी म्हणजे इच्छाशक्ती काढून घेतलेला, दुसऱ्यासाठी राबणारा देह; तिथली भीती मेल्यावरही गुलामी न सुटण्याची आहे. माणसे खाणाऱ्या झुंडी रूढ केल्या त्या जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या अमेरिकी चित्रपटाने. ऐनवेळी नाव बदलताना त्याच्या प्रतींवरून कॉपीराइटची सूचना गळाली, तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तो सर्वांसाठी खुला झाला, आणि कल्पनेच्या प्रसाराला त्यामुळे मोठाच हातभार लागला.

वेताळाचे मात्र जपून. तो प्रेतात शिरतो हे खरे, पण तो एकटा असतो, बोलतो, कोडी घालतो, आणि अनेक गावांत त्याची पूजा होते. त्याला मुक्या झुंडीत उभे केले तर भीतीही जाईल आणि गावकरीही दुखावतील.

याहून अवघड प्रश्न असा की, जिथे बहुतेक मृतदेहांचे दहन होते तिथे मेलेले उठणार कुठून? नवखे लेखक अशा वेळी दफन करणाऱ्यांच्या स्मशानभूमीकडे वळतात. आपल्या भागात लिंगायत, मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांत दफनाची रीत आहे, आणि भाषेवरून आधीच मने हळवी असलेल्या या बेळगाव जिल्ह्यात एखाद्या समाजाच्या कबरीतून राक्षस उठवणे मला साफ नापसंत आहे. शिवाय त्याची गरजही नाही. रोगी सरणापर्यंत पोहोचण्याआधीच बदलतो, एवढे धरले की कथा घरातच घडते आणि त्यामुळे अधिक भिववते. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढे बेळगाव-धारवाडकडे पसरला, तेव्हा लोक राहती घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहिले होते. रिकामे गाव, बाहेरच्या झोपड्या आणि मागे राहिलेला एक आजारी माणूस एवढ्यावर लघुकथा उभी राहते. सगळे जग बुडवण्याचा मोह कादंबरीसाठी राखून ठेवावा.

प्रश्न : स्वतः छापलेल्या कथासंग्रहाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) सक्तीचा आहे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : नाही, पण विक्रेते आणि ग्रंथालये यांच्यासाठी तो उपयोगी पडतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, म्हणून त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला नकार द्यावा. छापील आणि ई-आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक घ्यावेत. छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रकाशनापासून ३० दिवसांत पाठवणे १९५४ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, आणि स्वतः प्रकाशक असलेल्या लेखकालाही ते लागू होते.