गुण होते, मुलाखती नव्हत्या

जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात भाऊंचं कृषी सेवा केंद्र आहे. अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांना मी सल्ला देते. माझ्या टेबलावर त्यांनी ठेवली ती दुकानातलीच उधारीची वही होती. त्यांनी मधलं एक पान उघडलं. वर लिहिलं होतं ‘पूर्वा, अमेरिका’. पूर्वा म्हणजे त्यांची डॉक्टर मुलगी. खाली अमेरिकेसाठी द्याव्या लागणाऱ्या स्टेप वन आणि स्टेप टू या परीक्षांची फी, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, ऑनलाइन प्रश्नसंच, अर्जांचे डॉलर आणि त्या त्या दिवशीचा डॉलरचा भाव. बेरजेखाली दोन रेघा. (पूर्वा हे नाव खरं नाही; ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत.)

“मॅडम, पोरीला मार्क कमी पडले असते तर मी समजलो असतो. स्टेप टूला २५१ आहेत. सगळे म्हणतात, चांगले आहेत. मग सीट का नाही लागली? आता आणखी पैसा घालू, का थांबवू तिला?”

पूर्वा शेजारी गप्प बसली होती. २०२५ च्या मार्चमध्ये, मॅचच्या म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं जुळवण्याच्या आठवड्यातल्या सोमवारी, जागा मिळाली नसल्याची ईमेल तिला आली होती. पुढच्या चार दिवसांत उरलेल्या जागांसाठीही तिनं अर्ज केले, तिथंही काही झालं नाही. महिनाभर ती दुकानाच्या मागच्या खोलीतून फारशी बाहेर आली नव्हती.

गुण असून काम का झालं नाही, हा प्रश्न माझ्याकडे दर एप्रिलमध्ये येतो. ‘सीट’ हा भाऊंचा शब्द आपल्याकडच्या घराघरात आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नीट दिली, गुण आले, क्रमांक लागला, कॅप राउंडला पसंतीक्रम भरला, यादीत नाव आलं. बारावीपासून मूल याच वाटेनं चाललेलं असतं, त्यामुळे अमेरिकेतही असंच असेल असं धरून चालतो आपण. तिथं असा क्रमांकच लागत नाही. स्टेप वन तर २६ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास आहे. स्टेप टूला तीन आकडी गुण मिळतात, पण त्या गुणांवर जागा वाटल्या जात नाहीत. दोन्ही परीक्षा, ओईटी आणि कागदपत्रांची पडताळणी झाली की ईसीएफएमजीचं, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना तपासणाऱ्या तिथल्या संस्थेचं, प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे तुम्ही अर्ज करायला पात्र झालात, इतकंच.

पुढची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं पदव्युत्तर शिक्षण, कुणाला द्यायची ते प्रत्येक हॉस्पिटलचा विभाग स्वतः ठरवतो. सप्टेंबरमध्ये अर्ज, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, मग हॉस्पिटलं आपली पसंतीची यादी देतात, उमेदवार आपली देतात आणि संगणक दोन्ही जुळवतो. ज्यानं मुलाखतीला बोलावलंच नाही त्याच्या यादीत तुम्ही कुठून असणार? पूर्वाला बोलावणं आलं होतं एक.

मी भाऊंना आकडा सांगितला. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या डॉक्टरांपैकी २०२५ च्या मॅचमध्ये ५८ टक्क्यांना जागा मिळाली. तिथल्याच कॉलेजांत एमडीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांमध्ये हे प्रमाण ९३ टक्क्यांच्या वर होतं.

“म्हणजे शंभरातले बेचाळीस माघारी,” भाऊ हळूच म्हणाले. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. मला बरं वाटलं. हा आकडा पहिल्या फीआधी घरात बोलला जायला हवा होता, तेव्हा कुणी सांगितला नव्हता.

मग मी पूर्वाला अर्जांची यादी काढायला लावली. सगळे इंटर्नल मेडिसिनचे, म्हणजे मोठ्या माणसांच्या आजारांच्या शाखेचे, एकूण ६२. बोस्टन, न्यू यॉर्क, शिकागो, कॅलिफोर्निया. जिथं कुणाचा मामा राहतो, जिथलं नाव ऐकलेलं असतं. आम्ही दोघींनी एकेक हॉस्पिटलचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. १९ ठिकाणी व्हिसाच देत नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. काही ठिकाणी पदवीला तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नव्हती आणि पूर्वाची इंटर्नशिप २०२२ मध्ये संपलेली. इंटर्नल मेडिसिनच्या उमेदवाराला १५ सिग्नल देता येतात, तीन सोनेरी आणि बारा रुपेरी. मला खरंच तुमच्याकडे यायचं आहे, असं हॉस्पिटलला कळवायची ती सोय आहे. तिचे तिन्ही सोनेरी सिग्नल नामांकित विद्यापीठांना गेले होते. सध्याच्या रेसिडेंटांची नावं आणि कॉलेजं बहुतेक संकेतस्थळांवर असतात. त्यात भारतातून, पाकिस्तानातून, नेपाळमधून आलेले किती आहेत हे मोजलं तरी अर्धं उत्तर मिळतं. पहिल्या ३० अर्जांनंतर प्रत्येक अर्जाला ३० डॉलर पडतात. हे मोजायचं काम फुकट आहे आणि तेच राहून जातं.

तिची शिफारसपत्रं तिन्ही इथल्या प्राध्यापकांची होती, मजकूर जवळपास एकच: मेहनती, नम्र, वक्तशीर. स्वतःविषयीच्या निबंधात आजीचं आजारपण होतं. पण मी थांबले ते बायोडेटातल्या एका ओळीपाशी. ‘सक्तीची ग्रामीण सेवा, एक वर्ष.’

“हे काय आहे गं?”

“ते बॉण्डचं, मॅडम. सरकारी कॉलेज होतं ना. नाहीतर १० लाख भरावे लागले असते. ते काय सांगायचं?”

“तिथं काय काय केलंस ते सांग.”

सातपुड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. आधी तुटक बोलत होती, मग बोलतच राहिली. एका पावसाळी पहाटे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पोटात दुखतंय म्हणून आणलं. चावल्याची खूण कुठंच दिसत नव्हती. पण तो रात्री जमिनीवर झोपला होता आणि त्याच्या पापण्या खाली ओघळत होत्या. तिनं ओळखलं, मण्यार असणार. प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या आणि श्वास मंदावला तेव्हा १०८ च्या गाडीत घाट उतरेपर्यंत श्वास देणारी अंबू बॅग स्वतःच्या हातानं दाबत राहिली. मूल वाचलं. दिवाळीनंतर त्याची आई केंद्रात मूठभर भगर घेऊन आली होती.

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्तारानं लिहिते आहे, कारण आपली मुलं बॉण्डचं वर्ष वाया गेलेलं वर्ष समजून लपवतात. माणूस एकटा पडला की कसा वागतो, हे ज्यांना निवड करायची असते त्यांना कळायला हवं असतं, आणि ते तिथंच कळतं. पुढचा रस्ताही याच्याशीच जोडलेला आहे. बहुतेकांना जे-वन हा शिक्षणासाठीचा व्हिसा मिळतो. त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर त्या अटीतून सुटका मिळू शकते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा असतात. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा हवा तर स्टेप थ्री ही तिसरी परीक्षा आधी लागते, आणि सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून नव्यानं येणाऱ्यांच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आल्यामुळे तो रस्ता आणखी अरुंद झाला आहे. आडगावी काम करायची तयारी ही तिथं अडचण ठरत नाही. पूर्वाकडे ती तयारी होती, तिनं लिहिली नव्हती.

पैशाचा प्रश्न मात्र उरलाच होता. मी भाऊंना स्पष्ट सांगितलं की हमी मी देणार नाही, आणि जो देईल त्याच्या दारात उभं राहू नका. आणखी एक वर्ष करायचं असेल तर आधी दोन गोष्टी कागदावर लिहा: जास्तीत जास्त किती रुपये, आणि कोणत्या तारखेला थांबायचं. भाऊंनी वहीचं पान पूर्वाकडे सरकवलं. तिनं आकडा लिहिला, तो वडिलांच्या मनातल्यापेक्षा कमी होता. खाली लिहिलं: मार्च २०२६. नाही झालं तर पुढची नीट-पीजी, तिसरा प्रयत्न नाही. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलानं असंच ठरवून थांबून इथं बालरोगशास्त्र घेतलं, तो आज समाधानानं काम करतो आहे. त्याची गोष्टही मी त्या दोघांना सांगितली.

मे महिन्यात ती एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाली. पदवीनंतरची रिकामी वर्षं अर्जात लगेच डोळ्यांवर येतात. ऑगस्टमध्ये रजा काढून ओहायोतल्या एका छोट्या हॉस्पिटलात महिनाभर निरीक्षक म्हणून राहिली. व्हिसा तिच्याकडे आधीचा होता, राहायला कॉलेजातल्या सीनियरचं घर. पदवी झाल्यावर तिथं रुग्णाला हात लावता येत नाही, पण सकाळच्या चर्चेत बोलता येतं. तिथल्या दोन डॉक्टरांनी तिचं बोलणं ऐकून पत्रं दिली. या वेळी यादीत फॅमिली मेडिसिनही घातलं, आणि सोनेरी सिग्नल लहान शहरांतल्या हॉस्पिटलांना गेले.

आज जानेवारी २०२६ आहे. सात मुलाखती झाल्या, आठवी पुढच्या मंगळवारी. परवा रात्री साडेअकराला तिचा फोन आला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वीस मिनिटांतली पंधरा मण्यारीवरच विचारलं, म्हणाली. अंबू बॅग किती वेळ दाबलीस, हात दुखले का, गाडीत सोबत कोण होतं.

मागून भाऊंचा आवाज आला, “मॅडमना विचार, यादी कधी भरायची?”

मार्चच्या सुरुवातीपर्यंत, मी सांगितलं. आणि जिथं मनापासून जावंसं वाटतं ते हॉस्पिटल पहिलं लिही, कोण घेईल याचा अंदाज बांधत बसू नकोस. मॅचची पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे खरी पसंती लिहिल्यानं तुझं काहीच नुकसान होत नाही.

“लिहून घेतलं,” भाऊ म्हणाले.