‘माझ्यामुळे सगळे खोळंबतात’

“मॅडम, माझ्यामुळे सगळे खोळंबतात. मी आत्ताच नाव काढून घेऊ का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. वय सेहेचाळीस. घरातल्या चौघांनी मिळून एका सायकल राइडमध्ये नाव दिलं होतं. ती, नवरा, एकोणीस वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा. पहिल्या दिवशी ११० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ९०. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या उपचारासाठी निधी जमवणारी राइड होती आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी चौघांच्या नावाने देणग्याही दिल्या होत्या. तयारीला चौदा आठवडे होते, त्यातले पाच सरले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी डोंगर चढण्यावरून, कधी पळण्यावरून, पण वाक्य तेच असतं. सगळ्यांत हळू मी आहे, म्हणजे मी ओझं आहे. विचारणारी बहुतेक वेळा बाई असते आणि बाकीचे तिच्यावर चिडलेले असतातच असंही नाही. हिच्या घरी तर कुणी एक शब्द बोललं नव्हतं. “बोलत नाहीत हो, पण वळणावर उभे असतात ना. मी दिसले की लगेच हेल्मेट चढवतात,” ती म्हणाली.

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्यात काय दडलंय ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

पहिल्या भेटीत मी चुकले. ‘मी ओझं आहे’ हा तिचा विचार मी धरला आणि त्याच्याच मागे लागले. तो कधी येतो, त्याला पुरावा काय, दुसऱ्या बाईने असं म्हटलं तर तुम्ही तिला काय सांगाल, असं सगळं विचारलं. हे विचार लिहायला वही दिली. ती मन लावून काम करणारी बाई. पुढच्या आठवड्यात सुवाच्य अक्षरात भरलेली वही घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, वाक्यं बदलली. गुडघा मात्र तसाच दुखतोय.”

मी तिला शरीराबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. मी स्वतः वर्षानुवर्षं सायकल चालवते, तरीही. समुपदेशकाच्या खुर्चीत बसलं की समोरच्याचं सगळं दुखणं मनातच असणार असं धरून चालायची सवय लागते. ही सवय वाईट आहे आणि नव्याने या कामात येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

गुडघा कुठे दुखतो? पुढून, वाटीच्या खाली. सायकल कुणाची? मुलीची जुनी. सीट किती उंच? पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी, कारण तिला पडायची भीती. मी तिला सायकलचा फोटो मागितला. सीट इतकी खाली होती की पायडल तळाला गेलं तरी गुडघा चांगलाच दुमडलेला राहत होता. साधी चाचणी आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचं. तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. सीट याहून बरीच खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो, फार उंच असेल तर मागे दुखतं. जमिनीला पाय पुरायला हवेत हे लहानपणी शिकताना ठीक असतं. लांब पल्ल्याला थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं आणि हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट खाण्याची. ती घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत काहीच खात नव्हती. “आधीच उशीर, त्यात अजून थांबून खाऊ?” शरीरातला कर्बोदकांचा (पिष्टमय आणि गोड पदार्थांतून मिळणाऱ्या इंधनाचा) साठा दमदार मेहनतीत दीड-दोन तासांत तळाला जातो. म्हणूनच लांब राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, तीही भूक लागायची वाट न पाहता. दोन तासांनंतर तिचे पाय लटपटत आणि डोळ्यांत पाणी येई. त्याला ती ‘माझ्यात दमच नाही’ म्हणत होती.

सीट टप्प्याटप्प्याने वर घेतली, खिशात खाऊ आला आणि गुडघा दहा-बारा दिवसांत बराच शांत झाला. तरी ती मागेच होती. मग मी चौघांनाही बोलावलं.

नवरा वेळापत्रकाची प्रत घेऊन आला. सुरेख आखलेलं होतं. शनिवारी-रविवारी पहाटे पाचला निघायचं, दर रविवारी दहा किलोमीटर वाढ, हलका आठवडा एकही नाही. मुलगा टोपी पुढे ओढून बसला होता. गेले दोन रविवार तो उठलाच नव्हता आणि घरात त्यावरून धुसफूस चालली होती.

मी त्यांना गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. श्रम किती झाले हे माणसाला स्वतःला किती वाटतं, तेच मोजायची पट्टी त्याने तयार केली. ती ६ पासून सुरू होते आणि २० ला संपते. ६ म्हणजे श्रम नाहीतच, १३ म्हणजे थोडं जड, १७ म्हणजे खूप जड, २० म्हणजे याच्या पुढे शक्यच नाही. ६ पासून सुरुवात करण्याचं कारण असं की आकड्याला दहाने गुणलं की नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. मला ही पट्टी आवडते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिच्यात ‘खरं तर हे सोपं होतं’ असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. ज्याचा आकडा त्याचा.

मागच्या रविवारच्या चढाचा आकडा प्रत्येकाने न दाखवता कागदावर लिहायचा. नवऱ्याने १२ लिहिले, मुलीने ११, तिने १८. मुलाने शून्य लिहिलं.

“शून्य यात नाहीये,” बाबा म्हणाले.

“मी आलोच नव्हतो ना.” मग थोड्या वेळाने, टोपीखालूनच, “मला विचारलं कुठे होतं? काकाच्या नावाने करायचंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. तिच्या दिराबद्दल मला तोवर एवढंच ठाऊक होतं की दीड वर्षापूर्वी तो गेला. शेवटचे दोन महिने रात्री त्याच्या उशाशी ती बसायची, हे त्या दिवशी कळलं.

अशा राइड बऱ्याचदा दुःखातूनच जन्मतात. अमेरिकेतली पॅन-मॅस चॅलेंज ही सायकल राइड १९८० मध्ये बिली स्टार यांनी सुरू केली. त्यांची आई कर्करोगाने गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण होते. दुःखाला पायडल मिळालं की पुष्कळ काही होऊ शकतं, हे मी मनापासून मानते. पण घरात याची दुसरी बाजूही असते. गेलेल्या माणसाच्या नावाने काही ठरलं की त्याला ‘नको’, ‘इतकं नको’, ‘आज नको’ म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नाकारणं वाटायला लागतं. मग चौदा वर्षांचा मुलगा झोपून राहतो. आणि सेहेचाळीस वर्षांची बाई विचारते, मी नाव काढू का.

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाची जी मांडणी केली, ती मला अशा घरांत नेहमी उपयोगी पडते. माणूस शोकात दोन टोकांमध्ये ये-जा करतो, असं ते म्हणतात. कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी पुढच्या कामांत, आणि ही ये-जा चालू राहणं निरोगी असतं. अडचण एकाच टोकाला अडकल्यावर होते. एकाच घरात दोघं दोन टोकांना असतील तर ते एकमेकांना परके वाटू लागतात. मी हे सांगत असताना नवरा वेळापत्रकाची घडी घालत होता. म्हणाला, “थांबलो की मला तो पलंग दिसतो.” मग बायकोकडे पाहून, “म्हणून तू आलीस की निघतो मी. तुझ्यावर राग नसतो.”

ती जे म्हणाली ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. “मला मागे राहिल्यावर रडता येतं. आठवड्यात तेवढाच वेळ मिळतो.”

म्हणजे तिला मागे राहण्याची लाज वाटत होती आणि तिला ते हवंही होतं. मी पहिल्या दिवशी तिला ‘तुम्ही ओझं नाही’ हे पटवत बसले होते. या दुसऱ्या गोष्टीपर्यंत मी पोचलेच नव्हते.

यानंतरचं काम बरंचसं व्यवहाराचं होतं आणि ते मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न पडलेल्या घराला तेच हवं असतं. पुढे गेलेले वळणावर थांबतात, पाणी पितात, श्वास खाली बसतो. मागची धापा टाकत पोचते आणि तेवढ्यात सगळे निघतात. सगळ्यांत दमलेल्या माणसाला विश्रांती शून्य. म्हणून ठरलं की विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करायचं, पूर्ण दहा मिनिटं, आणि त्यात तिने काहीतरी खायचं.

वाऱ्याचंही तसंच. सपाटीवर पुढच्या सायकलीच्या मागे, जवळ राहिलं की हवेचा अडसर कमी होतो. वेग जितका जास्त किंवा समोरचा वारा जितका जोराचा, तितका हा फायदा मोठा. पण अंतर वाढत गेलं की आडोसा संपतो. म्हणजे मागे पडलेली एकटी सायकल तोच रस्ता जास्त ताकद लावून कापते. सपाटीवर तिने नवऱ्याच्या मागे दुसऱ्या जागी राहायचं आणि वेग तिला पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच ठेवायचा. मात्र इतक्या जवळून चालवायला सराव लागतो. आधी रिकाम्या रस्त्यावर सायकलभर अंतर ठेवून शिकायचं, खड्डा आला की पुढच्याने हाताने दाखवायचा. चढावर आडोशाचा उपयोग थोडाच, तिथे ती पुढे आणि बाकी तिघं तिच्या मागे. मुलीला हे जड गेलं. दोन रविवार तिचं तोंड फुगलेलं होतं. मग तिने बुधवारी मैत्रिणींबरोबर स्वतःच्या वेगाची राइड सुरू केली आणि ते मिटलं.

वेळापत्रकातला दर चौथा आठवडा हलका केला, शेवटचे दहा दिवसही. सरावातली सर्वांत लांब राइड ११० ऐवजी ८५ वर थांबवली. सरावात पूर्ण अंतर कापलंच पाहिजे असं काही नसतं. रविवारी परतल्यावर चौघांनी आकडे लिहायचे, बोर्गचेच. तिचा आणि नवऱ्याचा आकडा तीनपेक्षा जास्त लांब गेला तर पुढच्या वेळी वेग कमी करायचा.

गुरुवारी संध्याकाळी ती एकटी सायकल काढायची. मागे कुणी नाही, वळणावरही कुणी नाही.

मुलाला मी ‘नाही’ म्हणायची मोकळीक त्याच्या वडिलांच्या तोंडून मिळवून दिली. वडिलांना ते सोपं गेलं नाही. दोन वेळा वाक्य ‘पण’वर अडलं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा लागते आणि ८ ते १० तास हवी असते. पहाटे पाचची राइड म्हणजे त्याच्यासाठी अर्ध्या रात्रीतून उठणं, हेही मी त्यांना सांगितलं. एक आठवडा मुलाने काहीच केलं नाही. नंतर कळवलं की दुसऱ्या दिवसाचे शेवटचे ४० किलोमीटर करेन, सराव संध्याकाळी करेन, आणि पंक्चर काढायचं काम माझं.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी तिला त्यानंतर दिलं. छातीत दुखलं, चक्कर आली, गुडघा विश्रांतीनेही ऐकेना, तर आधी डॉक्टर आणि सराव बंद. मनातूनच नको असेल तर खुशाल नाव काढा. देणगीचं काय, याने तिची झोप उडाली होती. तिने नियम वाचले तर त्यात स्पष्ट होतं की जमलेली रक्कम उपचारांनाच जाते, कुणी किती किलोमीटर केले यावर ती अवलंबून नाही. पण केवळ इतरांना थांबावं लागतं म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्या इतरांना नीट थांबायला शिकू द्या. तिने नाव ठेवलं.

राइडनंतर आठवड्याने ती एकटीच आली. पहिला दिवस ठरल्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासून समोरून वारा सुटला. मुलगा ठरल्या जागी येऊन मिळाला होता. एका चढाच्या पायथ्याशी नवऱ्याने सायकल कडेला घेतली आणि खाली बसला. कुणी काही विचारलं नाही. चौघं तिथे चाळीस मिनिटं बसले. उठल्यावर मुलाने बाबांना आकडा विचारला, तर ते म्हणाले, “एकोणीस.” सरावात त्यांनी कधी चौदाच्या वर लिहिलं नव्हतं.

सोळा किलोमीटर उरले असताना अंधार होऊ लागला आणि आयोजकांनी मागच्या सगळ्यांना मदतीच्या गाडीत बसवलं. ते सोळा किलोमीटर अजून राहिलेत. नवरा पुढच्याच रविवारी जाऊ म्हणत होता. तिने सांगितलं, “सध्या माझा आकडा अठरा आहे.” मुलगा म्हणतो, थंडी पडली की करू, पण सकाळी दहाच्या आधी निघायचं नाही.