ती पिंडी महादेवाची नव्हे

'पिंडी ते ब्रह्मांडी' यातली पिंडी महादेवाचीच ना, आणि ती थेट ब्रह्मांडापर्यंत पोचते असाच अर्थ ना, असं अमळनेरहून एका वाचकांनी विचारलं आहे. १९१६ पासून तत्त्वज्ञानाची संस्था असलेल्या गावातून हा प्रश्न यावा! दोष त्यांचा नाही म्हणा. महाशिवरात्र आली की भोंग्यावरून हाच अर्थ कानावर आदळतो.

ही पिंडी महादेवाची नाही. आणि तो 'ते'सुद्धा 'जळगाव ते भुसावळ' यातला नाही. पूर्ण म्हण 'जे पिंडी, ते ब्रह्मांडी'. घर-घरी, दार-दारी, तसं पिंड-पिंडी, साधी सप्तमी. जुन्या छपाईत 'पिंडीं', 'ब्रह्मांडीं' असा डोक्यावर अनुस्वार असायचा, तो दिसला की विभक्ती कळायची. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ही खूणही गेली. त्यात आपल्या अहिराणीत सप्तमीचं काम 'मा' करतो: घरमा, वावरमा. 'जे पिंडमा ते ब्रह्मांडमा' म्हटलं असतं तर महादेवाला कोणी मधे ओढलं नसतं.

अर्थ थोडक्यात: पिंड म्हणजे हा देह; जे देहात, तेच विश्वात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात 'पुरुषोऽयं लोकसंमितः', म्हणजे माणूस हा विश्वाच्याच मापाचा, म्हणून जोड्याच लावून दिल्या आहेत. शरीराचा घट्टपणा ती पृथ्वी, ओलावा ते पाणी, ऊब ते तेज, प्राण तो वायू, पोकळ्या ते आकाश आणि अंतरात्मा ते ब्रह्म. पण पिंड हा शब्द या अर्थानं गाजवला तो नाथपंथी योग्यांनी. गोरक्षनाथांच्या नावावरच्या सिद्धसिद्धांतपद्धतीत सहा उपदेश, त्यातल्या पाचांच्या नावात पिंड आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला 'पिंडे पिंडाचा ग्रासु'ही नाथांचाच संकेत, असं माउली स्वतःच सांगतात.

आता खरी गंमत. पिंड म्हणजे मुळात गोळा, आणि माझ्या मते ढोरांपुढे टाकतो ती पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, याच पिंडाची लेक आहे. सिंदूरचा शेंदूर झाला, बिल्वाचा बेल झाला, तशी पिंडाची पेंड. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'पिण्ड' आणि 'पेण्ड' ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिली आहेत, आणखी काय हवं? तरी काही विद्वान पेंड 'पिण्याका'तून काढतात, कारण संस्कृतात पेंडीला पिण्याक म्हणतात. अहो, पिण्याकाचं प्राकृतात 'पिण्णाग' होतं. त्यातून 'ड' कुठून उगवणार? अर्थ जुळला की झाली व्युत्पत्ती, असा हा आळशी कारभार आहे.

दुसरा आक्षेप लिंगाचा: पिंड पुल्लिंगी, पेंड स्त्रीलिंगी. त्यांनी जैन आगमांतलं सूत्रकृतांग उघडावं. तिथे वाद रंगलाय की पेंडीचा गोळा माणूस समजून सुळावर भाजला तर पाप लागतं की नाही, आणि त्या गोळ्याला शब्द आहे 'पिण्णागपिंडी'. पिण्णाग हा माल, पिंडी हा त्याचा आकार, तीही स्त्रीलिंगी. पुढे मालाचं नाव गळालं आणि आकाराचं नाव मालाला चिकटलं.

असं होतं का, असं विचारणाऱ्यांनी खानदेशातल्या कुठल्याही जिनिंगच्या गावी यावं. सरकीच्या पेंडीला इथे पेंड म्हणतंय कोण? ढेप म्हणतात. गुळाची ढेप असते तशी ही सरकीची, म्हणजे नाव पुन्हा आकारावरूनच पडलं. पण कोशकारांना हे सुचायचं कसं, त्यांच्या गोठ्यात ढेप कुठली!